शिल्लक शून्य

घाण कुठे आहे हे तग्रीदच्या चेहऱ्यावरून कळायचं. कचेरीतल्या फ्रिजमध्ये कोणाचं लबनेह, ते चक्क्यासारखं दही, आंबलेलं असो, की कोणी न समजता दुसरीकडून उचलून प्रोग्राममध्ये चिकटवलेल्या चार ओळी असोत, दोन्हींना तिचं नाक सारखंच मुरडायचं. वरचा ओठ जरासा उचलला जायचा आणि ती विचारायची, "ई, हे कोणाचं?" मग ज्याचं असेल तो मुकाट्याने उठून साफ करायचा.

मी तिच्या समोरच्या टेबलावर बसायचे. तिने लिहिलेले प्रोग्राम तपासणं हे माझं काम. इतकं कंटाळवाणं काम मी जन्मात केलं नाही, कारण तिच्या प्रोग्राममध्ये काही सापडायचंच नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, जाड चष्मा, बारा महिने तोच राखाडी कोट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली आणि मुलगी इर्बिदला शिकत होती. खिडकीत लबनेहच्या रिकाम्या डब्यात तिने पुदिना लावला होता. पाहुण्यांच्या ग्लासांतलं उरलेलं पाणी ती त्या डब्यात ओतायची. मंगळवारी मात्र ती उशिरा यायची. मंगळवार तिच्या गल्लीचा पाण्याचा वार, आठवड्यात तेवढ्याच दिवशी नळाला पाणी. आठवड्याचे कपडे, जिना, गच्चीवरच्या टाक्या, सगळं उरकून यायची तेव्हा हाताला क्लोरीनचा वास असायचा.

"आली का धोबीण!" आमचा साहेब दारातूनच म्हणायचा.

साहेब म्हणजे मुहंदिस, इंजिनिअर, रामिझ; मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू तैम म्हणायचे. या माणसाबद्दल मला चांगलं काही लिहिता येणार नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवते. वेइब्देहच्या चढावर त्याने ही कचेरी थाटली. पूर्वी कधीतरी तो स्वतः प्रोग्राम लिहायचा म्हणे. मी पाहिलं ते त्याचं अत्तर, त्याची दातकोरणी आणि बैठकीच्या खोलीतला भिंतभर पडदा. त्या पडद्यावर काहीतरी हलत राहिलं पाहिजे, आकडे धावले पाहिजेत, हिरवे गोल फिरले पाहिजेत, म्हणजे त्याला काम चाललंय असं वाटायचं. काम टेबलावर चालतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

हाजा विसाल बाईंच्या संस्थेचं काम आमच्याकडे आलं ते त्या पडद्यामुळेच. हाजांची संस्था छोटी. उन्हाळ्यात ज्या घरी आजारी माणूस आहे आणि वार यायच्या आत टाकी आटली, त्या घरी टँकरने पाणी पोचवायचं, एवढंच तिचं काम. टँकर दोन. घरच्यांनी एका नंबरावर फोन करायचा आणि नाव सांगायचं. सकाळी आमचा प्रोग्राम ती नावं घ्यायचा आणि ड्रायव्हरांच्या फोनवर पाठवायचा. हा प्रोग्राम तग्रीदने लिहिला.

त्यात एक मेख होती, आणि ती तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावून सांगितली होती. नावं घेणारं फोनचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं. ते आपल्याकडे यादी देत नाही. एकेक नाव आपल्या हातात ठेवतं आणि स्वतःकडचं पुसून टाकतं. आजाऱ्यांची नावं कुठे साठवून ठेवायची नाहीत, असा संस्थेशी करारच होता.

"आपल्या नळासारखं आहे," तग्रीद म्हणाली होती. "आलं तेव्हा धरलं तर धरलं. 'परत एकदा पहिल्यापासून ये बाबा' असं नळाला सांगता येत नाही. प्रोग्राम नावांवरून एकदाच जाणार. गेला की संपलं. दुसऱ्यांदा जाल तर रिकामं मिळेल, आणि रिकामं मिळालं म्हणून तो ओरडणार नाही, चूक दाखवणार नाही. त्याला वाटेल, काम नव्हतंच."

"मग नावं एका बाजूला धरून ठेव ना," मी म्हणाले.

"ठेवायची नाहीत असंच तर ठरलंय. म्हणून नाव आलं की लगेच ड्रायव्हरकडे. मध्ये कोणी हात घालायचा नाही." शेवटचं वाक्य तिने रामिझकडे बघून म्हटलं. रामिझ तेव्हा बंद फोनच्या काळ्या, आरशासारख्या काचेत मिशी बघत होता.

दोन उन्हाळे हा प्रोग्राम बिनबोभाट चालला. जास्त करून एकच ड्रायव्हर असायचा, अबू सखर. मादबाकडचा माणूस, उन्हाने काळवंडलेला आणि बोलणं मोजकं. जौफा वस्तीच्या उतारावर टँकर जात नाही तिथे तो पाइप खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायचा. त्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उम्म गाझी राहायची. म्हातारीच्या मूत्रपिंडांनी काम सोडलेलं, घरीच पोटात नळीने औषधी पाणी सोडून रक्त शुद्ध करायची. त्या उपचारात हात स्वच्छ लागतात, दर वेळी, साबणाने, वाहत्या पाण्याखाली. टाकी भरली की ती अबू सखरला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही.

मग देणगीदार यायचे ठरले.

ऑगस्टचा महिना. बाहेरून मोठे देणगीदार संस्थेचं काम बघायला येणार आणि ते आमच्या बैठकीच्या खोलीत बसणार. रामिझच्या अंगात वारं शिरलं. खुर्च्या पुसून घेतल्या, नाब्लुसी कनाफेची, त्या पाकात निथळणाऱ्या मिठाईची, भली मोठी परात मागवली. टँकर धुऊन रस्त्यात उभा करायला लावला, फोटोसाठी. अबू सखरला नवीन टोपी दिली. दुसरा ड्रायव्हर नेमका सुट्टीवर होता.

आणि आदल्या दिवशी त्याला वाटलं, पडद्यावर आज किती मागण्या आल्या तो आकडा मोठ्या अक्षरात दिसायला हवा. त्याच्याखाली 'शिल्लक' म्हणून दुसरा आकडा. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत शिल्लक शून्यावर येईल. काय दृश्य होईल! तग्रीद मंगळवारचं उरकून यायची होती. तिची वाट बघेल तो रामिझ कसला. तिच्या खुर्चीत बसला आणि कनाफेची चव बघून चिकट झालेल्या बोटांनी त्याने प्रोग्राममध्ये स्वतः दोन ओळी घातल्या, फक्त पाहुण्यांच्या दिवशी चालतील अशा. आधी सगळ्या नावांवरून जाऊन ती मोजायची. मग नेहमीचं वाटप. मग उरली किती ते बघायचं.

मी म्हणाले, "मुहंदिस, तग्रीद येऊ दे की."

"अगं लमीस, नावं मोजायला तग्रीद कशाला लागते? लहान पोराला मोजता येतं." त्याने खोट्या नावांची एक साठवलेली यादी घेऊन चालवून बघितलं. साठवलेली यादी कितीदाही वाचता येते. आकडा आला, वाटप झालं, शिल्लक शून्य. "बघ! तुम्ही बायका उगीच बाऊ करता." मी तपासते म्हटलं तर त्याने मला कनाफेच्या दुकानात पाठवलं, पिस्ते कमी पडले म्हणून. तग्रीद आल्यावर तिच्या कळफलकाला बोटं चिकटली. तिने "ई" केलं, ओलं फडकं आणलं आणि एकेक कळ पुसत बसली म्हणे. ओळींबद्दल तिला कोणी सांगितलं नाही. मी पिस्ते घेऊन परतले तोवर ती इर्बिदला तापाने पडलेल्या मुलीशी फोनवर बोलत होती, आणि मग रामिझने आम्हा दोघींना खुर्च्या मांडायला जुंपलं. मला वाटलं त्याने सांगितलं असेल. तो सांगणाऱ्यांतला नाही हे मला माहीत असायला हवं होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. पडदा उजळला. मागण्या, अठ्ठावीस. पाहुणे वा वा म्हणाले. रामिझने हात वर केला, जसा काही तोच ढग आहे आणि आता बरसणार आहे. शिल्लक, शून्य.

टाळ्या! अहो, डोळ्यांत पाणी आणून टाळ्या वाजवल्या त्या लोकांनी. एक गृहस्थ म्हणाला, "क्षणात! अठ्ठावीस घरांना क्षणात पाणी!" पाकाने माखलेल्या हातांनी ते एकमेकांचे हात दाबत होते. आणि खाली रस्त्यात भरलेला टँकर उभा, नव्या टोपीतला अबू सखर पायरीवर बसलेला, आणि त्याच्या फोनवर एकही नाव नाही.

कारण नावं मोजण्यातच संपली होती. मोजून झाल्यावर वाटपाला काही उरलंच नव्हतं. उरलंच नव्हतं म्हणून शिल्लक शून्य. आमचा तो पडदा अगदी खरं बोलत होता.

अबू सखरने दुपारी वर फोन केला. मी शेजारीच होते, रामिझचं बोलणं मी ऐकलं. "नाव नाही आलं? म्हणजे आज कोणाला नको असेल. पडद्यावर शून्य आहे, हबीबी, तुझं काम झालं. जा, आराम कर." संध्याकाळी अबू सखरने टँकर संस्थेच्या अंगणात नेला. पिण्याचं पाणी टँकरमध्ये शिळं ठेवायचं नाही असा हाजांचा नियम, म्हणून त्याने ते अंगणातल्या ऑलिव्हच्या झाडांना सोडलं. तापलेल्या जमिनीने ते पिऊनही टाकलं.

बाकीच्या घरांनी शेजाऱ्यांकडून बादली-बादली मागून वेळ काढली. उम्म गाझीने नाही मागितली. टाकीच्या तळाच्या गाळात तिने हात बुडवले आणि उपचार केला. तिसऱ्या दिवशी पोटात पू होऊन तिला इस्पितळात नेलं. हाजा विसाल भेटायला गेल्या आणि रागावल्या, "अगं, पाणी आलं नाही तर परत फोन नाही का करायचास?" तेव्हा ती म्हणाली, "एकदा सांगितलं होतं ना, हाजा. 'नोंद झाली' म्हणाले. दोनदा मागायला मी काय दारोदार फिरणारी आहे?"

हाजांनी आम्हाला विचारलं, काय झालं? आणि इथून पुढे रामिझने काय केलं ते ऐका.

तो म्हणाला, ड्रायव्हरने पाणी विकलं.

किती सोपं! ऑगस्टमध्ये टँकरभर पाण्याला गिऱ्हाइकांची वाण नसते, आणि असं करणारे ड्रायव्हर शहरात आहेतच. मागण्या आल्याचं पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, वाटप झाल्याचं पडद्याने सांगितलेलं, संध्याकाळी टँकर रिकामा, आणि म्हातारीची टाकी कोरडी. मग पाणी गेलं कुठे? झाडांना? कोरड्या जमिनीकडे बोट दाखवून कोण विश्वास ठेवणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून दात कोरत होता. हाजांनी अबू सखरकडून टँकरची किल्ली घेतली. जौफात बातमी पसरली की अबू सखरने आजारी म्हातारीच्या तोंडचं पाणी विकून खाल्लं.

तग्रीदने त्याच दिवशी प्रोग्राम उघडला. पाच मिनिटंही लागली नसतील. मी समोरून तिचं तोंड बघत होते. आधी ओठ उचलला गेला, मग नाक आक्रसलं, आणि मग ते पुढे गेलं, मी कधी पाहिलं नव्हतं तिथपर्यंत. तिने चष्मा काढला.

"लमीस, इकडे ये. हे कोणाचं?"

मी सांगितलं. ती उठली आणि थेट रामिझच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"अबू तैम, अबू सखरने पाणी विकलं नाही. तुम्ही आधी नावं मोजलीत. टँकरमध्ये पाणी किती आहे ते बघायला तुम्ही बादल्या भरभरून सगळं रस्त्यावर ओतलंत, आणि मग त्याला म्हणालात, जा, वाटून ये. काय वाटणार तो?"

रामिझला कळलं. ढ नव्हता तो, तेच तर वाईट. त्याचा चेहरा पांढरा पडला, मग त्याने उठून दार लावलं, पण त्या खोलीची भिंत कसली, पुठ्ठ्याची. मला सगळं ऐकू येत होतं.

"हळू बोल. असं बघ, ओळी मी काढून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर. झाला प्रोग्राम स्वच्छ? तुला स्वच्छ आवडतं ना? मग झालं."

"आणि अबू सखर?"

"त्याला दुसरा टँकर मिळेल. ड्रायव्हर आहे तो. हे काम गेलं तर आपण सगळे घरी बसू. तू, लमीस, सगळे. तुझ्या मुलीचं विद्यापीठ आहे. विचार कर, तग्रीद. तुला मी या विभागाची प्रमुख करणारच होतो."

ती बाहेर आली, मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. नळ सोडून. पुदिन्याला ग्लासातलं पाणी घालणारी ती बाई, त्या दिवशी तिने नळ बंद केला नाही.

मी तिला म्हटलं, "आपण दोघी जाऊ हाजांकडे. मी बघितलंय त्याला ओळी घालताना."

"जाऊ," ती म्हणाली. "उद्या सकाळीच."

पण जायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आले.

अबू सखर एकटा आला नव्हता. बरोबर त्याच्या वाडीतला वडीलधारा होता, हाजी मुतलक. डोक्याला लाल-पांढरा शमाग, हातात जपमाळ. आणि हाजा विसाल. आमच्यात असं वडीलधाऱ्यांना घेऊन कोणाच्या दारी येणं म्हणजे अब्रूचा न्याय मागणं, हे रामिझला समजलं. लहानपण त्याचंही गावात गेलंय. त्याने लगबगीने बैठकीच्या खोलीत बसवलं, कडू कॉफीचा दल्ला, ती चोचीची किटली, मागवला, स्वतःच्या हाताने ओतली. हाजी मुतलकने प्यायली. हाजांनी प्यायली. अबू सखरने फिंजान, तो कॉफीचा इवलासा पेला, हातात घेतला आणि समोरच्या मेजावर तसाच खाली ठेवला.

ठेवलेला फिंजान म्हणजे मागणं. ते पुरं होईपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि ज्याच्या घरी फिंजान गार होतो त्याची लाज चव्हाट्यावर येते.

"पी, अबू सखर, पी," रामिझ हसत म्हणाला.

"माझं एक मागणं आहे, अबू तैम."

"अरे, पी तर आधी! मागणं काय, आपण बोलू नंतर."

"ज्या तोंडाने मला चोर म्हटलं, त्याच तोंडाने इथे, हाजी मुतलकसमोर, ते मागे घ्या. मला किल्लीही नको. एवढंच द्या."

हाजी मुतलकची जपमाळ थांबली. रामिझने दातकोरणी काढली, परत खिशात ठेवली. "हे बघ, मी कुठे काय म्हणालो? मी यंत्राने सांगितलं ते म्हणालो. यंत्र खोटं बोलत नाही. पी बाबा, गार होतीये."

मी दारात उभी होते, आणि तग्रीद माझ्या मागून आत गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"हाजा, प्रोग्राम मी लिहिलाय," ती म्हणाली. "नाव अबू सखरपर्यंत पोचलंच नाही. वाटायच्या आधीच सगळी नावं मोजण्यात खर्च झाली होती. त्या दिवशी त्याच्या फोनवर काही आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. चूक प्रोग्रामची आहे. अबू सखरची नाही."

आणि इथे रामिझने जे केलं ते माणूस करू शकतो असं मला वाटलं नव्हतं. त्याचा चेहरा खुलला. बुडत्याला काडी मिळावी तसा तो तिच्याकडे धावला.

"ऐकलंत ना, हाजा? स्वतःच्या तोंडाने सांगतेय. प्रोग्राम तिचा, चूक तिची! मी बिचारा विश्वासाने बसलो होतो. आजच्या आज काढतो हिला. घ्या, झालं? अबू सखर निर्दोष! आता पी."

"ओळी ह्यांनी घातल्या!" मी ओरडले. "मी बघितलंय. कनाफेच्या पाकाने बरबटलेल्या बोटांनी!"

"ही तिची मैत्रीण," रामिझ म्हणाला. "दोघी मिळून बोलतायत. दाखव की त्या ओळी, कुठे आहेत?"

त्या ओळी नव्हत्याच. त्याने काढल्या होत्या, आणि जुनी प्रतही पुसली होती. मी तग्रीदकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. फ्रिजमध्ये आंबलेलं काही सापडल्यावर ती बघायची, तशी भिंतीवरच्या बंद पडद्याकडे बघत होती.

हाजा विसाल उठल्या. जुन्या शाळामास्तरीणबाई त्या, त्यांना ओळी दाखवायची गरज लागली नसावी. त्यांनी पर्समधून टँकरची किल्ली काढून अबू सखरच्या हातात दिली. "उद्यापासून ये. आणि आज इस्पितळात जाऊन उम्म गाझीला मी स्वतः सांगते." मग तग्रीदला म्हणाल्या, "पोरी, तूही ये. फोन घ्यायला माणूस लागतोय मला, यंत्र नकोय."

अबू सखरने किल्ली घेतली. फिंजानाला हात लावला नाही. उठून तग्रीदसमोर थांबला, उजवा हात छातीवर ठेवला. मग रामिझला म्हणाला, "मी एकदा मागितलं, अबू तैम. दुसऱ्यांदा मागणार नाही." आणि तिघेही जिना उतरून गेले.

मी हे विसरले असते, पुढचं नाही. तग्रीद आपला पुदिन्याचा डबा उचलायला गेली. मी बैठकीच्या खोलीत ट्रे उचलायला वळले. तर रामिझ खुर्चीत बसलेला, आणि त्याने अबू सखरचा तो भरलेला फिंजान उचलला आणि गटकन पिऊन टाकला. गार, माशी बसून गेलेला. मागण्यासाठी ठेवलेला फिंजान!

"इतकी वेलची घातली होती," तो मिशी पुसत म्हणाला. "वाया कशाला घालवायची?" आणि रिकामा फिंजान त्याने होता तिथे, नीट, परत ठेवला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. हाजी मुतलक परत आला होता. जपमाळ खुर्चीवर राहिली होती त्याची. ती उचलताना त्याची नजर मेजावर गेली. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"अल्हम्दुलिल्लाह! प्यायला म्हणायचा शेवटी! मी म्हणतच होतो, अबू सखर मनाचा मोठा आहे. मग मिटलं तर. जातो, वाडीत सांगतो सगळ्यांना, अबू तैमने मागणं मान्य केलं, अबू सखरने फिंजान घेतला." त्याने रामिझचा खांदा थोपटला.

रामिझने मान डोलावली. "मिटलं, अम्मो. शुक्र अल्लाहचे."

तग्रीद दारात होती. पुदिन्याचा डबा छातीशी धरलेला. तिने फिंजान बघितला, रामिझची ओली मिशी बघितली. तिला सगळं कळायला क्षण पुरला.

"अम्मो," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. "वाडीत काही सांगू नका. अबू सखर प्यायला नाही. त्याचा फिंजान ह्यांनी प्यायला. आता."

हाजी मुतलकला कळेना. तो मेजाकडे, मग रामिझकडे बघत राहिला. "पण रिकामा आहे की, पोरी."

"रिकामं झालं म्हणजे पोचलं असं नसतं, अम्मो. त्या दिवशीही सगळ्यांनी शून्य बघून टाळ्याच वाजवल्या होत्या."

म्हाताऱ्याने वाकून फिंजान उचलला, नाकाशी नेला. मग रामिझच्या मिशीकडे नीट पाहिलं. रामिझने ती पुन्हा पुसली. हाजी मुतलकने फिंजान उलटा करून मेजावर ठेवला, ज्या खांद्यावर हात ठेवला होता त्याच्याकडे बघत तळहात आपल्या कपड्याला घासला, आणि आमच्या त्या धुतलेल्या, अत्तर मारलेल्या फरशीवर थुंकला.

तग्रीदने ते पुसायला फडकं आणलं नाही.